लहूअप्पांचं अभ्यासखातं

माझी भाची अभ्यासाला बसते तेव्हा घरात सत्यनारायण असावा अशी तयारी चालते. टेबलावर पिवळ्या दिव्यांची माळ, वाफाळता मग, रंगीत पेनं, पायाखाली मऊ गालिचा आणि कानात कुठल्याशा परदेशातल्या पावसाचा रेकॉर्ड केलेला आवाज. मांडामांड झाली की तिचा फोटो निघतो. तो मैत्रिणींना जातो, मैत्रिणींचे फोटो येतात, त्यांचं कौतुक होतं आणि तेवढ्यात जेवायची वेळ होते. मी काही बोललेच तर ती म्हणते, "मावशी, अभ्यासाला वातावरण लागतं गं."

वातावरण आम्हालाही होतं. आमच्या वातावरणाचं नाव लहू गावडे.

काळाचौकीला आमच्या चाळीच्या दोन इमारती समोरासमोर होत्या आणि मध्ये अंगण. एका गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या घरात काय शिजतंय, काय जळलंय आणि त्यावरून कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं कळायचं. समोर दुसऱ्या मजल्यावर लहूअप्पा राहायचे, त्यांच्या बरोब्बर समोर आम्ही गावकर. अप्पा मिलमध्ये साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. उंच, किडकिडीत माणूस. मिशी मात्र ओठाच्या वर नीट कातरलेली, कारण साचेखात्यात ओठ झाकून चालत नाही असं ते सांगायचे. तिथे शेकडो माग एकदम खडखडतात, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात आणि समोरचा ते डोळ्यांनी ऐकतो.

या सवयीमुळे अप्पांच्या बोलण्याच्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या. एक कौलांवरचे कावळे उडवणारी आणि दुसरी अजिबात आवाज नसलेली. मधली पट्टी मिलने खाल्ली. तुळसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, खाली नळावर असली की हे वरून नुसते ओठ हलवून चहाची पावडर कुठे ठेवली ते विचारायचे, आणि ती खालून तशीच उत्तर द्यायची. त्यांची भांडणंही अशीच व्हायची. त्यामुळे सगळ्या चाळीला वाटायचं, नवराबायको असावीत तर अशी.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे बंद झाले. पहिले काही दिवस अप्पा सुट्टीवर आल्यासारखे आरामात दिसले. मग त्यांना चैन पडेना. इतक्या शांततेत माणसाला झोप लागतेच कशी, असं ते ज्याला त्याला विचारायचे. उन्हाळा गेला, गणपती झाले, संप काही मिटायचं नाव घेईना. एकेक बिऱ्हाड ट्रंका बांधून गावी निघून गेलं. खालच्या काशीबाईंची खानावळ ओस पडली. तुळसाकाकीचं माहेर कणकवलीकडचं. तिथे निदान भात तरी होता, म्हणून तिने रोज एकच धोशा लावला, "हय उपाशी रव्हान काय करूचा? गावाक जावया."

अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "बेबीची दहावी आहे. ती झाल्याशिवाय मी मुंबई सोडणार नाही."

बेबी त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्गातली, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचं खरं नाव यशोदा, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच. अप्पा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. बेबीने निदान दहावी व्हावं आणि पंख्याखाली बसून काम करावं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मिलकडे सोडून दुसऱ्या कुणाकडे मागितली असेल.

आता दहावी बेबीची, पण रिकामे हात अप्पांचे. आयुष्यभर माग सांभाळलेला माणूस, त्याला सांभाळायला काहीतरी हवंच होतं. दिवाळी झाली तशी त्यांनी आपल्या गॅलरीत अभ्यासखातं उघडलं. नाव आम्ही ठेवलं, पण त्यांना आवडलं. आमच्या आयांनी आम्हाला आनंदाने त्यांच्या हवाली केलं, कारण घरात बसून आम्ही नुसते भूक लागली म्हणायचो.

पूर्वी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा त्याच सुमाराला अप्पा गॅलरीच्या कठड्यावर धोटा आपटायचे. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवलेला. तो मिलमधून घरी कसा आला हे विचारायचं नसतं. त्याचा ठणठणाट झाला की आम्ही गोधड्या अंगावर घेऊनच समोर जायचो. भिंतीला टेकून ओळीने गोणपाटं अंथरलेली असायची. थंडीचे दिवस, गुडघ्यांवर गोधडी, त्यावर पुस्तक. काशीबाईंना बिनगिऱ्हाइकाच्या खानावळीत करमत नव्हतं, म्हणून त्या गूळ घातलेला कोरा चहा पाठवायच्या. तो चहा जिभेला चटका देत प्यायचा, पेला दोन्ही हातांत धरून बोटं शेकायची आणि मोठ्याने वाचायला सुरुवात करायची. आज कुणी मला सुखाची व्याख्या विचारली तर मी त्या गोणपाटाकडे बोट दाखवीन.

मोठ्याने वाचणं सक्तीचं होतं. अप्पांचा सिद्धांत साधा होता, ओठ हलले तर अभ्यास, नाहीतर झोप. ते आमच्या रांगेसमोरून मागांच्या मधून फिरावं तसे येरझाऱ्या घालायचे. कुणाचे ओठ थांबले की त्यांच्या लेखी धागा तुटून एक साचा बंद पडला. लगेच समोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "तार तुटली काय? कुठे तुटली?"

मग जिथपर्यंत आठवतंय त्या वाक्यावर परत जायचं, ते पुन्हा म्हणायचं, त्याला ते गाठ मारणं म्हणत, आणि गाठ बसली की पुढे. मी नंतर कितीतरी वर्षं शाळेत शिकवलं. विसरलेल्या पोराला पुढे ढकलायची याहून चांगली युक्ती मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवली नाही.

त्यांना फसवणं अवघड होतं. तळमजल्यावरच्या चंदूने एकदा इतिहासाच्या पुस्तकात तोंड घालून सिनेमातलं गाणं सुरू केलं. सगळे इतक्या जोरात वाचत होते की शेजारी बसून मला ते ऐकू आलं नाही. अप्पा त्या वेळी समोर आमच्या दारात माझ्या वडिलांशी बोलत उभे होते. तिथून, सगळं अंगण ओलांडून, कावळे उडवणाऱ्या पट्टीत आवाज आला, "चंद्या! तिकडे अफझलखान भेटीला येऊन उभा राहिलाय, तू सजनी कुणाला म्हणतोस?"

दोन्ही इमारती हसल्या. चंदू पुढे बरेच दिवस सजनी याच नावाने ओळखला जायचा.

इंग्रजी अप्पांना येत नव्हतं, पण त्या भाषेत ओठ जास्त वाकायला हवेत असा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे आनंदा नावाचा आमचा एक मित्र तोंडाचे नाना आकार करत मराठी बाराखडीच म्हणायचा आणि शाबासकी घ्यायचा. गणिताशी मात्र त्यांचं उघड वैर होतं. गणित करताना माणूस गप्प बसतो, हे त्यांना मुळातच संशयास्पद वाटे. भूमितीत तर कहर. मी एकदा आकृतीकडे बघत विचार करत होते, तर समोर येऊन बसले.

"काय करतेस, कमल?"

"त्रिकोण बघतेय, अप्पा."

"बघून काय होतंय? बोल काहीतरी त्याच्याशी."

मग मी त्या त्रिकोणाशी बोलले. अ ब बाजू, ब क बाजू, अशी त्याच्या सगळ्या खानदानाची नावं घेतली तेव्हा ते उठले.

आणि या सगळ्या आरडाओरड्यात बेबी तेवढी तोंड मिटून बसायची. आमच्या सगळ्यांत हुशार तीच, पण तिला मोठ्याने वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही. तिचे डोळे ओळीवरून सरकायचे, पान उलटायचं, ओठ मात्र शिंपल्यासारखे घट्ट. अप्पा येरझारीत दर वेळी तिच्यापाशी थांबायचे.

"तार तुटली?"

"नाही, अप्पा."

"मग साचा बंद का?"

"मनात वाचतेय."

"मनात काय चाललंय ते कुणी बघितलंय? तिथे तू झोपलीस तरी मला काय कळणार?"

पहिल्यांदा हे चेष्टेत चालायचं. पण पौष लागला, घरातले डबे रिकामे झाले आणि चेष्टा संपली. तुळसाकाकीने एके दिवशी स्पष्टच सांगितलं, ज्या मुलीसाठी आपण इथे पेज पिऊन राहिलो ती तर पुस्तकापुढे मुकी बसते. अप्पांना हे उलटवता येईना, कारण त्यांचंही तेच मत होतं. शेवटी त्यांनी कबूल केलं, संक्रांतीनंतर काही दिवस बघू. तरी हिचे ओठ हलले नाहीत तर शिमग्याला सगळे गावी जायचं. शिमगा म्हणजे मार्च, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. गावी गेलेली मुलगी पेपराला एकटी परत येणार नव्हती, हे आम्हाला दोघींना चांगलं ठाऊक होतं. आमच्या वर्गातल्या किती तरी जणी अशाच गेल्या होत्या.

बेबी रडली नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हती. तिने उपाय शोधला, डोळ्यांनी वाचायचं आणि ओठांनी दुसरंच काहीतरी म्हणत राहायचं. पण दुसरं म्हणजे काय? पाढे म्हटले तर लक्ष पाढ्यांकडे जाई. देवाचं नाव असल्या कामाला वापरायचं तिला पाप वाटलं. डोक्याला अजिबात त्रास न देता जिभेवरून आपोआप घसरेल असं एकच काहीतरी तिच्याकडे होतं. लहानपणी आईचा पदर धरून बाजारात फिरताना पाठ झालेली माशांची नावं.

"बांगडे, तारल्या, मांदेली, बोंबील, सौंदाळे," असं तिचं सुरू झालं. पुन्हा बांगडे, पुन्हा तारल्या. मी म्हटलं, अगं, अप्पा ओठ वाचतात. ती म्हणाली, "चंदू पकडला गेला कारण तो गाताना मानसुद्धा डोलवत होता. मान खाली घालून भरभर पुटपुटलं तर ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

ब्रह्मदेवाने साचेखात्यात नोकरी केलेली नव्हती, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी अप्पा इतके खूष झाले की तुळसाकाकीला हाक मारून साचा चालू झाल्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी ते बराच वेळ बेबीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीत येऊन समोरून बघत राहिले आणि खाली उतरून गेले. त्यानंतरच्या सकाळी धोटा वाजलाच नाही.

अप्पा भाऊच्या धक्क्यावर गेले होते. आमच्या लालबागच्या बाजारात बसणारी गुणवंती नावाची एक कोळीण धक्क्यावर लिलावात मासे घ्यायची. तिला पाट्या उचलून टेम्पोत चढवायला आणि बाजारात उतरवायला माणूस हवा होता. अप्पा दुपारी परत आले ते डोक्यावर टॉवेलची चुंबळ, शर्ट भिजलेला आणि हातात कागदात बांधलेल्या तारल्या. कित्येक महिन्यांनी त्या घरातून तळणीचा वास आला. वासावरून सगळी चाळ गॅलरीत जमली. त्या दिवसापासून अभ्यासखातं संध्याकाळच्या पाळीला भरू लागलं.

साचेवाल्याने डोक्यावर पाटी घेणं म्हणजे त्या काळी आमच्याकडे लहान गोष्ट नव्हती. साचेवाला हा कारागीर. चंदूच्या वडिलांनी टोमणा मारलाच, "काय लहू, कापड सोडून मासे विणायला लागलास?"

"संप आहे," अप्पा म्हणाले. "मिलच्या दारात गेलो नाही ना? मग झालं."

बेबीला यातलं काहीच कळलं नाही. तिला वाटलं, वडील कंटाळून कामाला लागले आणि आपलं नशीब उघडलं. रोज काही ना काही येत होतं, कधी मांदेली, कधी बोंबील. "देव ऐकतो बघ," ती मला म्हणाली, आणि तिच्या जपात सुरमई वाढवली.

ही सुरमई अप्पांना महागात पडली. सुरमई अशी कागदात गुंडाळून कुणी देत नाही. त्यासाठी त्यांनी दुसऱ्या दोन कोळणींच्याही पाट्या उचलल्या. आठवड्याने एकदा सुरमईच्या तुकड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अप्पांची मान आखडून आली. ते अंथरुणावर तोंड एका बाजूला वळवून पडले. बेबी जेवत होती आणि तुळसाकाकी नवऱ्याच्या मानेला तेल चोळत होती. चोळता चोळता ती म्हणाली, "खा आता पोटभर. पुस्तकात बघून बांगडे नि सुरमई मागत होतंस ना? दिसला ता बापाशीक तुझ्या. बापूस म्हणालो, माझ्या चेडवाक भूक लागली, म्हणान अभ्यास होणा नाय."

बेबीच्या हातातला घास तसाच राहिला. ती उठून तडक माझ्याकडे आली. तोंडाला सुरमईचा रस्सा तसाच.

मी व्यवहारी मुलगी. मी म्हटलं, गप्प बस. आता सांगितलंस तर तू अभ्यासाच्या नावाखाली माशांचा जप करत होतीस एवढंच त्यांना कळणार. शिमग्याला थेट कणकवली. परीक्षा होऊ दे, मग पाया पडून सांग. माझा सल्ला अगदी बिनतोड होता आणि तिने तो ऐकला नाही. "ते पाट्या उचलतात नि मी त्यांच्यासमोर बसून सुरमई म्हणते," ती म्हणाली. "मला गिळता नाही येत, कमल."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा त्यांच्या गॅलरीत तिरक्या मानेने बसले होते. बेबी आमच्या गॅलरीत उभी राहिली. सगळ्या चाळीला ऐकवायचं नव्हतं, म्हणून ती त्यांच्याच भाषेत, आवाज न काढता बोलली. एव्हाना मलाही ते बऱ्यापैकी वाचता येत होतं.

"अप्पा, मला मासे नको होते."

अप्पांनी डोळे बारीक केले. "मग रोज काय म्हणायचीस?"

"ओठ हलावे म्हणून म्हणायचे. अभ्यास मी मनातच करते. मोठ्याने वाचलेलं मला समजत नाही."

मी कावळे उडायची वाट बघत होते. मग त्यांनी विचारलं, "सुरमईसुद्धा खोटी?"

"सुरमईसुद्धा."

त्यांनी मानेवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, "दाखव मनातलं."

बेबीने इतिहासाचा एक अख्खा धडा तिथल्या तिथे उभ्याने म्हटला. आवाज नाही, हातात पुस्तक नाही. मी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून बघत होते. ती मध्ये एकदा अडखळली, मागच्या वाक्यावर गेली, ते पुन्हा म्हणून पुढे सरकली. धड्यातलं अप्पांना किती कळलं देव जाणे. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आखडलेली मान विसरून पुढे वाकले होते, आणि धडा संपला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग आपल्या नेहमीच्या पट्टीत ते घराच्या आत ओरडले, "तुळसा! शिमग्याक गावाक जावचा नाय! चेडू अभ्यास करता!"

कावळे उडाले.

त्यांचं मत पूर्ण बदललं असं मात्र नाही. येरझारीत बेबीपाशी ते आता रागावत नसत, पण थांबायचे जरूर. एकदा तर आवाज न काढता म्हणाले, "मनात कर, काही हरकत नाही. पण मनातसुद्धा जरा जोरात कर." पाट्या उचलणंही त्यांनी सोडलं नाही. बेबीची मागणी खोटी निघाली तरी घरातली भूक खरी होती. संप मिटल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. लोक हळूहळू कामावर गेले. अप्पांच्या मिलने जे परत घेतले त्यांत अप्पा नव्हते. ते पुढे गुणवंतीच्या शेजारी फळकुट टाकून मासे विकायला बसले आणि त्यांचं सगळं उरलेलं आयुष्य त्या फळकुटावर गेलं. म्हणजे मिल गेल्यावर त्या घराला वर्षानुवर्षं जेवायला घातलं ते बेबीच्या थापेने. हे मी तिला अजून ऐकवते.

पण मला सांगायचंय ते भूमितीच्या पेपरचं.

आमचं केंद्र परळमधली एक शाळा होती. वर्ग पहिल्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे. गावकर आणि गावडे, त्यामुळे आमचे बाक शेजारी शेजारी. बाकीच्या पेपरांना अप्पा धक्क्यावर होते, पण भूमितीवर त्यांचा विश्वास नव्हता. काम अर्धवट टाकून ते आले आणि समोरच्या फुटपाथवर डोक्यावर रिकामी पाटी घेऊन उभे राहिले. मी सहज बाहेर पाहिलं तर ते वर खिडकीकडे बघत होते. एक अख्खा वर्ग, इतकी मुलं, आणि एकाचेही ओठ हलत नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. सगळं खातं एकदम बंद पडल्यावर जॉबरचा, म्हणजे खात्याच्या मुकादमाचा, चेहरा कसा होत असेल ते मला तेव्हा कळलं.

बेबीनेही खिडकीबाहेर पाहिलं. खालून अप्पांनी विचारलं, "काय झालं? सगळे गप्प का बसलेत?"

तिने उत्तर दिलं, अर्थात आवाज न काढता, "पेपर सोपा आहे. घरी जा, जेवून घ्या."

देखरेखीच्या सरांनी ते नेमकं पाहिलं. ते ताडताड आले आणि तिचा पेपर उचलला. "कुणाला उत्तर सांगत होतीस?"

बेबी उभी राहिली. "वडील आहेत, सर. खाली. ते विचारत होते..."

सरांनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे एक पाटीवाला. "एवढ्या लांबून काय ऐकू जातं? मला मूर्ख समजतेस?"

मी उठून म्हटलं, "सर, ते साचेखात्यातले आहेत. ते डोळ्यांनी ऐकतात." हे बोलताना मला ते अगदी सरळ वाटत होतं. सरांना वाटलं नसावं. त्यांनी मला बसवलं आणि माझाही पेपर काढून घ्यायची तंबी दिली. सगळा वर्ग आमच्याकडे बघत होता. एक वर्षाची पेज, आखडलेली मान, न झालेला शिमगा, सगळं त्या सरांच्या हातात कागद होऊन लोंबत होतं. मी मनातल्या मनात काशीबाईंच्या चहापासून सगळ्या देवांना नवस बोलले.

सरांनी पेपर उलटसुलट पाहिला. उत्तरं तिच्याच अक्षरातली, शेवटची आकृती अर्धी काढलेली. त्यांनी तो बाकावर टाकला. खिडकीशी उभे राहूनच, एक नजर खाली ठेवून म्हणाले, "आता पुन्हा ओठ हललेले दिसले तर पेपर घेईन आणि वर्गाबाहेर काढीन. कळलं?"

बेबीने मान खाली घातली. त्यानंतर ती एकदाही वर बघायची नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बघितलं.

अप्पांनी सरांचे ओठ वाचले होते. त्यांनी पाटी उतरवून पायाशी ठेवली आणि आपल्या ओठांवर बोट ठेवलं. दिवाळीपासून आमचे ओठ मिटलेले दिसले की तळमळणारा तो माणूस मार्चच्या उन्हात, भर रस्त्यात, वर तोंड करून ओठांवर बोट दाबून उभा होता. येणारेजाणारे वळून बघत होते. एक हातगाडीवाला त्यांच्यावर ओरडून गेला. बेबी लिहीत होती, तिला यातलं काही दिसत नव्हतं. माझे डोळे असे भरून आले की समोरचं वर्तुळ मला बराच वेळ लंबगोल दिसत राहिलं. घंटा झाल्यावर मी पुन्हा पाहिलं, तेव्हाही ते बोट तिथेच होतं.

जूनमध्ये निकाल लागला. बेबी चाळीत पहिली आली. लोक अप्पांना अडवून विचारायचे, काय हो, तुमची मुलगी एवढा अभ्यास करायची कशी? आम्हाला तर कधी आवाज आला नाही. अप्पा आधी इकडेतिकडे बघायचे. मग जरा जवळ सरकून, अजिबात आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगायचे, "मनात."